वडील ७२ वर्षांचे, लायसन्स संपलेलं: रिन्यू करताना मेडिकल दाखल्याला हलकं घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे. निवृत्तीनंतर मुंबई सोडून आईसह दापोलीच्या आतल्या गावात राहायला आले. घरात एक छोटी कार आहे, एक बिनगिअरची स्कूटर आहे. लायसन्स संपून चार महिने झाले आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटचं नूतनीकरण वडाळ्याला झालेलं, पत्ताही अजून मुंबईचाच. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. वडील म्हणतात, ‘थोडे दिवस चालतं, पोलीस काही बोलत नाहीत.’ ओळखीचा एजंट म्हणतो, ‘काकांना आणायचीही गरज नाही, डॉक्टरचा दाखला मी बघतो.’ मुलगा ठाण्याला असतो. त्याने विचारलंय की रत्नागिरीला न जाता हे काम होईल का आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागेल का. शेवटी एक वाक्य जोडलंय: ‘खरं सांगायचं तर रिन्यू करून द्यावं की नाही, हेच कळत नाहीये.’

मी गुहागर तालुक्यात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणारा मेडिकल दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, माझ्याकडे नेहमी येतो आणि तो घेऊन येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. आरटीओचं काम आता बरंच सोपं झालंय, ते होऊन जाईल. वडिलांनी अजून गाडी चालवावी का, आणि चालवली तर कुठे, कधी, कुठली, हे मात्र कुणीतरी बसून तपासायला हवं. आपल्याकडे ही तपासणी होण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे हा दाखला. नेमकी तीच जागा एजंट गाळून देतोय.

आधी कायद्याचं बघू. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातले बदल लागू झाले, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून जुनेच नियम असतात. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. ती सवलत आता नाही. कार्डावरची तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना चालवताय असाच अर्थ होतो. दंड ५,००० रुपये आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल आणि त्याने ती लायसन्स नसलेल्या माणसाला चालवायला दिली असेल, तर मालकालाही वेगळा तेवढाच दंड होऊ शकतो. गाडी तुमच्या नावावर आहे का, ते बघून घ्या.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. पॉलिसीत चालकाकडे वैध लायसन्स असण्याची अट असते. मुदत संपलेली असताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. समोरच्या माणसाला इजा झाली तर कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. पेन्शनवर जगणाऱ्या घराला हे झेपणारं नाही. म्हणून पहिलं सांगणं हेच की नवीन लायसन्स हातात येईपर्यंत, किंवा निदान ऑनलाइन मंजूर झालेलं दिसेपर्यंत, वडिलांनी कारही काढू नये आणि स्कूटरही. ‘बाजारापर्यंतच जातो’ हे विमा कंपनीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

परीक्षेची भीती बाळगू नका. मुदत संपायच्या आधी एक वर्ष आणि संपल्यावर एक वर्ष, एवढ्या काळात अर्ज केला तर वाहन चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. पूर्वी ही नंतरची मुदत पाच वर्षांची होती, त्यामुळे ‘बघू सावकाश’ म्हणणारे आता अडकतात. तुमचे चारच महिने गेलेत. एक वर्ष उलटलं तर मात्र चाचणी पास झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. वयाची ५५ वर्षं पूर्ण झालेल्यांना खासगी वाहनांसाठी दर वेळी पाच वर्षांचीच मुदत मिळते, म्हणजे वडिलांना ती सत्याहत्तरीपर्यंत मिळेल. तुमच्या प्रकरणात ही पाच वर्षं नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजली जातील, मधले चार महिने भरून निघत नाहीत. आणि अमुक वयानंतर लायसन्स मिळत नाही, अशी कमाल वयोमर्यादा आपल्या कायद्यात नाही. ऐंशीच्या माणसालाही मिळतं, तब्येत साथ देत असेल तर.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा. लायसन्स वडाळ्याचं असलं तरी मुंबईला जायची गरज नाही. आता जिथे राहता त्या जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करता येतो, तुमच्यासाठी रत्नागिरी, म्हणजे एमएच-०८. नूतनीकरण आणि पत्ताबदल या दोन्ही सेवा एकाच अर्जात निवडा. पत्ता बदलायचा राहिला तर नवीन स्मार्ट कार्ड टपालाने मुंबईच्या बंद घरी जाईल आणि परत फिरेल. मूळ शुल्क २०० रुपये, कार्डाचे २०० वेगळे आणि उशीर झाल्याचं जे काही असेल ते. अर्ज पुरा भरला की नेमका आकडा स्क्रीनवर येतो आणि तो तिथेच भरता येतो. एजंटने सांगितलेल्या रकमेशी तो ताडून बघा.

आधारची ओळख पटवून कार्यालयात न जाता नूतनीकरण करायची सोय आपल्या राज्यात आहे. गाडं अडतं ते ओटीपीवर. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा मुंबईत असतानाचा, केव्हाच बंद पडलेला असतो. नंबर चालू असला तर घरात रेंज नसते. आमच्याकडे लोक ओटीपीसाठी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर चढतात आणि परत खाली येईपर्यंत त्याची वेळ संपते. त्यामुळे तुम्ही ठाण्यात लॅपटॉप उघडून बसाल आणि वडील फोनवर आकडे सांगतील, हा बेत आमच्या भागात बऱ्याचदा फसतो. आधी आधारचा मोबाइल नंबर बदलून घ्या. आधार केंद्रात जायला जमत नसेल तर पोस्टात विचारा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन हा नंबर बदलून देतो. लायसन्सवरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, तेही आत्ताच बघा. एका ठिकाणी आद्याक्षरं आणि दुसरीकडे वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, या फरकापायीही अर्ज परत येतो.

ऑनलाइन जमलंच नाही तर आरटीओचे अधिकारी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी कॅम्प घेतात. दापोलीचा दिवस कधी आहे ते आधी विचारून घ्या आणि अपॉइंटमेंट घेऊनच पाठवा. ज्यांच्याकडे अजून जुनं छापील पुस्तक आहे आणि ज्याची नोंद सारथीवर दिसतच नाही, त्यांनी आधी ते लायसन्स दिलेल्या मूळ कार्यालयाकडून नोंद चढवून घ्यायची असते. तुमचं कार्ड असल्याने तो प्रश्न नाही.

आता दाखल्याबद्दल. वयाची चाळिशी उलटली की नूतनीकरणाच्या अर्जाला मेडिकल दाखला लागतोच. दोन कागद असतात. फॉर्म १ म्हणजे अर्जदाराने स्वतः करायचं निवेदन: फिट्स येतात का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायांत ताकद आहे का. फॉर्म १-ए नोंदणीकृत डॉक्टरने तपासून द्यायचा, अर्जदाराच्या फोटोसकट. आमच्याकडे डॉक्टर हल्ली तो आपल्या लॉगिनमधून थेट सारथीवर चढवतात, त्यामुळे कोणी कधी दिला याची नोंद राहते. पेशंटला न बघता तो भरणं म्हणजे खोटा दाखला, आणि खोट्या माहितीवर मिळवलेलं लायसन्स रद्द होऊ शकतं. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी मला त्या एजंटचं बोलणं सहन होत नाही. ७२ वर्षांच्या मधुमेही माणसाची पुढच्या पाच वर्षांतली ही एकमेव सक्तीची तपासणी आहे आणि तो ती दोनतीनशे रुपयांत मिटवायला निघालाय.

दाखल्यातली मुख्य कसोटी डोळ्यांची आहे. चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता यायला हवी. मी हे खोलीतल्या तक्त्यावर भागवत नाही. दवाखान्याच्या पायरीपासून २५ मीटर मोजून खूण केलेली आहे, तिथे एखादी रिक्षा उभी असतेच. पायरीवर उभं करते, एक डोळा तळहाताने झाकायला लावते आणि नंबर वाचून घेते. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे असताना घडाघडा वाचणारा माणूस एक डोळा झाकल्यावर गप्प होतो, असं पुष्कळदा होतं. एका डोळ्याची नजर इतकी उतरल्याचं त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, कारण दुसरा डोळा निभावून नेत असतो. तुमच्या वडिलांचं ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालंय. डाव्याचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथला मोतीबिंदू पिकत असणार असं धरून चाला आणि दाखल्याआधी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातही काही महिन्यांनी, वर्षांनी लेन्सच्या मागच्या पडद्यावर जाळी धरते आणि पुन्हा धुरकट दिसू लागतं. ती लेसरने बसल्या बसल्या काढता येते. ‘माझं ऑपरेशन झालंय, आता डोळ्याचा प्रश्न मिटला’ असं मानून कित्येक जण ती जाळी घेऊनच गाडी चालवत राहतात.

एका डोळ्याची नजर पूर्ण गेली म्हणून लायसन्स जातंच असंही नाही. निदान पाच वर्षं लायसन्स असलेल्या आणि त्यानंतर एक डोळा गमावलेल्या माणसासाठी फॉर्ममध्ये वेगळी तरतूद आहे. गाडी हलकी आणि खासगी असावी, स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असावा आणि चांगल्या डोळ्याने २५ मीटरवरची प्लेट वाचता यावी. अशा माणसाला मी परत पाठवत नाही, पण निदान दोनतीन महिने दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून चालवायला सांगते. अंतराचा अंदाज नव्याने बसावा लागतो.

नंबर प्लेटच्या कसोटीत एक गोष्ट अजिबात सापडत नाही, ती म्हणजे काचबिंदू. त्यात मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते आणि कडेची हळूहळू झिजत जाते. प्लेट ठणठणीत वाचतो, पण डावीकडून रस्त्यावर आलेलं वासरू दिसत नाही. मी समोरासमोर बसते, माझ्या नाकाकडे बघायला सांगते आणि दोन्ही बाजूंनी बोटं हलवत आत आणते. कुठून दिसायला लागली ते पेशंटने सांगायचं. ही ढोबळ तपासणी आहे, तिच्यात शंका आली तर फील्ड टेस्टला, म्हणजे कडेची नजर मोजणाऱ्या तपासणीला पाठवते. मधुमेह असल्याने वडिलांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी दर वर्षी व्हायलाच हवी. ती झालेली नसेल तर या निमित्ताने उरकून घ्या.

डोळ्यांनंतर मी पाय बघते. यावर घरचे लोक चकित होतात. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अशी तक्रार माणूस करतो, पण तोच पाय ब्रेकवर किती दाब देतोय हेही त्याला कळत नाही, हा धागा तो जोडत नाही. मी खुर्चीवर बसवून उजवा पाय उचलून थोडा डावीकडे, परत उजवीकडे, असा पटपट टेकवायला सांगते. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय न्यायचा असतो तसा. गुडघा आखडलेला असेल, पाय फरपटत असेल, तर तिथेच दिसतं. मान दोन्ही बाजूंना किती वळते तेही बघते. फेरीबोटीवर गाडी चढवताना-उतरवताना, किंवा पाखाडीच्या (गावातल्या दगडी पायवाटेच्या) तोंडाशी मागे घेताना मान न वळणारा माणूस केवळ आरशावर विसंबतो आणि आरशात खाली बसलेलं पोर दिसत नाही.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. मी सगळी पाकिटं टेबलावर काढायला लावते. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत उरतो, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठून उभं राहताना चक्कर येते. आणि साखरेच्या गोळ्या. सगळ्याच नाहीत, पण ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम खाली जाऊ शकते. आपल्याकडे याचा उपवासाशी थेट संबंध येतो. संकष्टी किंवा एकादशी आहे, गोळी सवयीने घेतली, पोटात चहाच आणि हे निघाले गाडी काढून देवळात. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, विचार गोंधळतो आणि त्या गोंधळात आपण गोंधळलोय हे कळायचं बंद होतं. वडिलांची नेमकी गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: या गोळीने साखर एकदम उतरते का? उतरत असेल तर उपवासाच्या दिवशी गाडी काढायची नाही. गाडीत साखरेच्या पुड्या ठेवायच्या. तसं वाटायला लागलं तर गाडी कडेला घेऊन, बंद करून साखर खायची, मग काहीतरी पोटभरीचं, आणि बरं वाटल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

डोक्याची गोष्ट सगळ्यात अवघड. विसरभोळेपणाची सुरुवात असलेला माणूस दवाखान्यात पंधरा मिनिटं उत्तम बोलतो. मी घड्याळाचं चित्र काढायला देते, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगते. त्याचा उपयोग होतो, पण त्याहून जास्त कळतं ते घरच्यांकडून. तुम्ही गणपतीला जाल तेव्हा तीन गोष्टी बघा. गाडीच्या डाव्या बाजूला नवे ओरखडे आहेत का? रोजच्या रस्त्यावर ते वळण चुकले, असं आईने कधी सांगितलंय का? आणि शेजारी बसल्यावर तुमचा स्वतःचा उजवा पाय आपोआप दाबला जातो का? या तिन्हींपैकी काही आढळलं तर ते डॉक्टरांना आधी फोनवर कळवा. वडिलांच्या समोर बोललात तर ते दुखावतील आणि पुढचं काहीच सांगणार नाहीत.

आता दाखला मिळाला असं धरू. त्यात ‘चांगल्या उजेडात’ असं म्हटलेलं आहे, हे लक्षात ठेवा. जुलैच्या रात्री, पाऊस कोसळताना, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे ओल्या काचेवर पसरलेले असताना परशुराम घाट उतरता येतो का, याचं उत्तर कुठल्याच दाखल्यात नसतं. वय वाढतं तशी झगमगाटानंतर डोळा सावरायला वेळ लागतो. दिवसा सुरेख चालवणारा माणूस रात्री धोकादायक असू शकतो आणि यात कमीपणा काही नाही. म्हणून मी लायसन्सला होकार देताना बहुतेकांशी तोंडी करार करते. अंधार पडल्यावर नाही. मुसळधार पावसात नाही. घाटात आणि मुंबई-गोवा महामार्गावर मुलगा किंवा ड्रायव्हर. गावातून दापोली, दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, चालेल. महामार्ग रुंद झाला म्हणून सोपा झाला असं वाटतं, पण तिथे वेग वाढलाय, काही ठिकाणी वळवलेले रस्ते आहेत आणि रात्री गुरं डांबरावर बसलेली असतात. गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत तर तरण्या माणसांचीही दमछाक होते.

स्कूटरबद्दल माझं मत कडक आहे. सत्तरीनंतर आमच्या भागात दुचाकी सोडावी. कारमध्ये निभावून जाणारी चूक स्कूटरवर खुब्याचं हाड मोडते. रस्त्याच्या कडेची जांभ्याची खडी, पावसाळ्यात रस्त्यावर वाहून आलेली लाल माती, शेवाळलेला उतार, तिथे तोल सावरायला लागणारी चपळाई या वयात उरत नाही. मधुमेहाने तळवे बधिर असतील तर पाय टेकवण्याचाही भरवसा नाही. पण वडील म्हणतील, कार बाजारात लावायला जागा कुठे असते? तेही खरं आहे. त्यांचा तोल चांगला असेल, संवेदना शाबूत असतील आणि फेरी गावातल्या गावात असेल तर मी अडवून धरत नाही, हेल्मेटची अट मात्र घालते. दुचाकी सोडायची ठरली तर सारथीवर लायसन्समधला तेवढाच प्रवर्ग परत करता येतो, कारचा तसाच राहतो. सगळंच सोडायचं किंवा सगळंच ठेवायचं, अशी सक्ती नाही. हे सांगितलं की पुष्कळ काकांचा विरोध मावळतो, कारण त्यांना भीती असते ती सगळंच हातून जाण्याची.

ही भीती समजून घ्या. कोकणातल्या आतल्या गावात गाडी म्हणजे आईचा दवाखाना, बँक, गॅसची टाकी, शेजारच्या म्हातारीला अडीनडीला नेणं. शेवटची एसटी चुकली की संपलं. मुलं मुंबईतून फोनवर म्हणतात, ‘बाबा, तुम्ही आता चालवू नका’ आणि फोन ठेवतात. पुढच्या मंगळवारी औषधं कोण आणणार हे कुणी सांगत नाही. मग बाबा चालवतातच, न सांगता चालवतात, आणि ते जास्त वाईट. तुम्हाला थांबवायचं असेल तर आधी बदली व्यवस्था उभी करा. गावातल्या एखाद्या रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवा, पैसे तुम्ही ठाण्यातून द्या. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५ नंतर मोफत, आईलाही अर्धं. रात्रीच्या अडचणीसाठी दोन तरुण ड्रायव्हरांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. ही सोय आधी झाली तर ‘रात्री काढू नका’ हे वडील ऐकतील. नुसतं सांगून ऐकणार नाहीत, मीही ऐकलं नसतं.

डॉक्टरांनी नाही म्हटलं तर? नकार बहुतेक वेळा तात्पुरता असतो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून या, साखर स्थिर करून या, कानाचं यंत्र बसवून या, मग बघू. तुमच्या हातात अजून आठ महिने आहेत, तेवढ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन, नवीन चष्मा लागून परत दाखल्याला येता येतं. तेव्हा एका डॉक्टरने नाही म्हटलं म्हणून दुसऱ्या गावातून सही आणू नका. आरटीओने अर्ज फेटाळला तर त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. आणि फिट्स, वाढत जाणारा विसर, कंपवाताचा पुढचा टप्पा असलं काही असेल, तर मी स्पष्ट नाही म्हणते आणि ते मी स्वतः पेशंटला सांगते. मुलाच्या तोंडून ते येऊ देत नाही. बापलेकातलं नातं त्या एका वाक्यावरून बिघडलेलं मी पाहिलंय. तुमच्याही बाबतीत तशी वेळ आली तर हे काम डॉक्टरांवर सोपवा.

एजंटला नाही म्हणून कळवा. आधारचा नंबर बदलून झाला की सारथीवर अर्ज भरा आणि वडिलांना त्यांची नियमित औषधं देणाऱ्या डॉक्टरांकडेच दाखल्याला पाठवा, कारण त्यांना मागचा इतिहास ठाऊक असतो. फक्त ते हा दाखला सारथीवर चढवतात का, ते आधी विचारून घ्या. जाताना सध्याचा चष्मा, डोळ्याच्या ऑपरेशनचा कागद, साखरेचा अलीकडचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुनं लायसन्स, आधार आणि दोन फोटो बरोबर असू द्या. सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन जावं, उपवासाच्या दिवशी नको. त्या दिवशी रिक्षानेच जावं. आणि आईला सोबत पाठवा. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या सीटवर ती बसलेली आहे. मी अशा वेळी काकांना तपासून झालं की काकूंना विचारते, ‘तुम्हाला यांच्याबरोबर रात्री बसायला भीती वाटते का?’ दाखल्यावर काय लिहायचं याचा निम्मा निर्णय मी त्या उत्तरावरून घेते.